क्लासिक ३५० वर एकट्याने लांब जायचंय, तर सोलो, म्हणजे एकाच माणसाची, सीट कशी निवडावी?

प्रश्न असा आला आहे: गाडी रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०, २०२२ चं मॉडेल. चालवणाऱ्याची उंची ५ फूट ६ इंच, वजन ८२ किलो. डिसेंबरात पुण्याहून एकट्यानेच कन्याकुमारीला जायचा बेत आहे. सध्या सत्तर-ऐंशी किलोमीटर झाले की बूड दुखायला लागतं आणि सव्वाशेच्या पुढे माकडहाडात कळ येते. एका दुकानदाराने जाड, मऊसूत जेलची सोलो सीट दाखवली, दुसऱ्याने स्प्रिंगची. यातली कोणती घ्यावी?

सीट उघडणं, फोम घडवणं, कव्हर शिवणं हा माझा रोजचा धंदा आहे, आणि लांबच्या प्रवासाला निघणारेच जास्त येतात. म्हणून आधी उत्तर देतो, मग कारणं. या दोन्हींपैकी एकही जशीच्या तशी घेऊ नका. तुम्हाला हवी आहे ती हाताला जराशी कडक लागणारी, मागच्या बाजूला रुंद आणि सपाट, माकडहाडाखाली मोकळीक ठेवलेली आणि तुमच्या ८२ किलोंना पेलणारी सीट. तशी तयार मिळाली तर घ्या, नाहीतर मूळ सीटच्याच बेसवर, म्हणजे फोमखालच्या कडक तळावर, करून घ्या. माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे, कारण मूळ बेस गाडीवर नेमका बसतो, हलत नाही आणि त्याचे बोल्ट, रबर सगळं जागच्या जागी असतं.

आता दुखतं का ते बघू. क्लासिकवर माणूस जवळजवळ ताठ बसतो. स्पोर्ट्स बाइकवर पुढे वाकल्यामुळे थोडा भार मनगटांवर आणि पायांवर जातो, तसा इथे जात नाही. सगळं वजन सरळ खाली, बैठकीच्या दोन हाडांवर येतं. खुर्चीत बसून बुडाखाली तळहात घातला तर ही दोन हाडं हाताला टोचतात, तीच ती. मीटिऑरसारख्या क्रूझरवर पाय पुढे असतात, कंबर मागे कलते आणि भार माकडहाडाकडे सरकतो. म्हणून मीटिऑरवाल्या मित्राने सुचवलेली सीट तुमच्या क्लासिकवर तशीच आरामदायी लागेल असं नाही.

सीट फार मऊ असली की ही दोन हाडं फोममध्ये रुततात आणि शेवटी खालच्या बेसला टेकतात. हाड आणि बेस यांच्यामध्ये स्नायू आणि कातडी चेमटते, तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि ठणका सुरू होतो. मग आपण नकळत सरकत राहतो. त्याच वेळी हाडं खाली गेल्यामुळे कंबर मागच्या बाजूला गुंडाळली जाते आणि माकडहाड सीटला लागायला लागतं. तुमचं वर्णन याला तंतोतंत जुळतं: आधी बूड, मग माकडहाड. याचा अर्थ तुमच्या सीटचा फोम तासा-दीड तासात हार मानतो आहे. त्यावर आणखी मऊ सीट घेतली तर हेच चक्र अजून लवकर सुरू होईल.

पैसे खर्च करण्याआधी मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, बघा. तुमच्या गाडीला सहा टप्प्यांचा प्रीलोड आहे. ८२ किलोंचा माणूस, मागे पंधरा-वीस किलो सामान आणि प्रीलोड सगळ्यात खालच्या खाचेत, असं असेल तर गाडीची मागची बाजू बसते, पुढचं तोंड वर जातं आणि त्याबरोबर सीटही मागे कलते. माकडहाडाच्या दुखण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे आणि त्यावरचा इलाज फुकट आहे. दोन्ही बाजूंचा प्रीलोड सारखाच, एक-दोन खाचा वर घ्या आणि शंभर किलोमीटर जाऊन या. टायरमधली हवाही थंड टायरवर, कंपनीने दिलेल्या आकड्याइतकी भरा. जास्त हवेचा टायर रस्त्यावरचा प्रत्येक सांधा थेट कण्यापर्यंत पोचवतो.

यानंतरही दुखत असेल, आणि तुमच्या वजनाला ते दुखेलच असं मला वाटतं, तर मापं घ्या. घरच्या घरी होतं. पन्हाळी पुठ्ठ्याचा, म्हणजे टीव्हीच्या नाहीतर फ्रिजच्या खोक्याचा तुकडा घ्या. जिन्याच्या पायरीवर ठेवून त्यावर ताठ बसा, गुडघे कमरेपेक्षा किंचित वर येतील असे पाय ठेवा, दोन्ही हातांनी पायरीची कड धरून स्वतःला खाली दाबा आणि अर्धा मिनिट तसेच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतील. दिवा तिरपा धरला की स्पष्ट दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बहुतेकांचं ते १० ते १४ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. बायकांचं सरासरीने थोडं जास्त. या अंतरात मी दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर मिळवतो आणि तेवढा पट्टा सीटवर पूर्ण सपाट ठेवतो. समजा तुमचं अंतर १२ आलं, तर २० सेंटिमीटर सपाटी हवी.

सीट बघायला जाताना लोक एकूण रुंदी मोजतात, तिथे फसगत होते. सीट ३५ सेंटिमीटर रुंद असली तरी मध्ये घुमटासारखी फुगलेली असेल तर दोन्ही हाडं उतारावर येतात, वजन मधल्या नाजूक भागावर पडतं आणि बधिरपणा येतो. फुटपट्टी आडवी ठेवून खाली किती फट दिसते ते बघा. दिसायला गुबगुबीत असलेल्या बऱ्याच सीट या एकाच कसोटीत बाद होतात.

पुढचा भाग मात्र अरुंद हवा. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटर उंच आहे आणि तुमच्या उंचीला ती ठीक आहे. पण टाकीजवळ सीट रुंद केली तर मांड्या फाकतात आणि उंची एक मिलिमीटरही न वाढवता पाय जमिनीपासून लांब जातात. घाटात, सामान लादलेल्या १९५ किलोंच्या गाडीवर, उतारावर थांबायची वेळ आली की टाचा टेकायला हव्यात. म्हणून मागे रुंद आणि पुढे निमुळती सीट करा, आणि जिथून मांडी खाली वळते ती कड गोल घासून घ्या. धारदार कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते आणि पायाला मुंग्या येतात. अमेरिकेत चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारे १६०९ किलोमीटर, पार करणारे जे लोक आहेत, त्यांच्यातल्या अनेकांच्या सीटना दोन्ही बाजूंना पंखांसारखे रुंद भाग असतात, जे मांड्यांना खालून आधार देतात. त्या बोजड दिसतात, पण भार वाटण्याचं काम चोख करतात. आपल्याकडे एवढे पंख घेतले तर गावातल्या रहदारीत पाय टेकताना आड येतात. मी त्यांचा थोडासाच अंश घेतो.

आता फोम. दुकानात कानावर पडणारा शब्द म्हणजे डेन्सिटी. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ती फोम किती टिकेल ते सांगते. तो किती कडक आहे ते सांगत नाही. त्याच डेन्सिटीत मऊही फोम येतो आणि कडकही. म्हणून "चाळीस डेन्सिटीचा टाकलाय" एवढ्यावर समाधान मानू नका. गाद्या-सोफ्यांसाठी येणारा ३२ डेन्सिटीचा शीट फोम मोटरसायकलला चालतच नाही. एका मोसमात त्याची पापडी होते. तुमच्या वजनाला मी खाली रिबॉन्डेड फोमचा थर घेईन, ९० ते १०० डेन्सिटीचा. हा फोमचे तुकडे दाबून एकजीव केलेला, रंगीबेरंगी दिसणारा असतो. त्यावर ५० च्या आसपासचा एचआर, म्हणजे दाबल्यावर चटकन उसळून वर येणारा, फोम आणि सगळ्यात वर जेमतेम १०-१२ मिलिमीटरचा मऊ थर. वरचा थर फक्त पहिल्या स्पर्शासाठी आणि कव्हरला गोलाई देण्यासाठी आहे. वजन पेलायचं काम खालच्या दोन थरांचं. तुम्ही बसल्यावर एकूण जाडीचा पाव ते तिसरा हिस्सा दबला तर फोम बरोबर आहे. साठ किलोंच्या माणसाला हीच सीट फळी वाटेल, आणि शंभर किलोंचा माणूस तिच्यात रुतेल. दुसऱ्याच्या सीटवर बसून "मस्त आहे" किंवा "बेकार आहे" म्हणण्याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

मागे एक सीट माझ्याकडे आली होती, वर्षभरापूर्वीच दुसरीकडून बनवून घेतलेली. वरून नवीकोरी. पिना काढून कव्हर उलटलं तर फोम चहाच्या रंगाचा झालेला, दाबला की पाणी सुटत होतं. बरोबर दोन ठिकाणी, जिथे हाडं येतात तिथे, मुठीएवढे खळगे आणि खालचा बेस अंगठ्याला लागत होता. दोन थर चिकटवताना सोल्यूशन ओतलेलं, ते सुकून काचेसारखी कडक रेघ झाली होती आणि ती रेघ नेमकी एका हाडाखाली. मालकाची तक्रार होती की उजवीकडेच दुखतं. ती रेघ बघितल्यावर आणखी काही शोधायची गरज उरली नाही. सोल्यूशन पातळ, दोन्ही पृष्ठभागांवर फिरवून, कोरडं होत आल्यावर मगच चिकटवायचं असतं, आणि जोड हाडांच्या जागी येऊ द्यायचा नसतो. कारागीर कसा आहे हे ओळखायचं तर त्याच्याकडची एखादी उघडलेली सीट बघायला मागा. चांगला कारागीर आनंदाने दाखवतो.

पाणी शिलाईच्या भोकांतून शिरतं. बसायच्या भागात शिलाई शक्यतो नकोच, चौकटी-चौकटींची सजावटीची शिलाई तर अजिबात नको. दिसायला ती छान असते, पण प्रत्येक टाका पाण्याला वाट आहे आणि तीन तासांनी कातडीवर त्याचा वळही उठतो. फोम आणि कव्हर यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकचा कागद घालून घ्या आणि शिलाई आतून सील करून घ्या. तुम्ही डिसेंबरात निघताय म्हणून पावसाची फिकीर नको असं मानू नका. तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरातही असतो.

कव्हरची आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. खोलगट फोमवर कव्हर करकचून ताणलं की ते नव्याने विणलेल्या बाजेसारखं वागतं: आपण फोमवर बसतच नाही, ताणलेल्या रेक्झिनवर बसतो आणि खालचा महागडा फोम नुसता पडून राहतो. म्हणून बसायच्या भागासाठी चारही दिशांना ताण घेणारं रेक्झिन मागा. तळहाताने दाबल्यावर फोम खाली जाताना जाणवला पाहिजे. रंग काळा असेल तर दुपारी तापेल. गडद तपकिरी किंवा राखाडीही तापतो, पण जरा कमी. पृष्ठभाग फार गुळगुळीत नको, नाहीतर प्रत्येक ब्रेकला टाकीकडे घसराल.

घसरण्याचा संबंध उताराशीही आहे. गाडी मेन स्टँडवर लावून पाणसळ ठेवून बघायची पद्धत आहे, पण ती अर्धीच माहिती देते, कारण माणूस बसला की मागची बाजू दबते. मी दोघांना मदतीला घेऊन गाडी सरळ उभी धरायला लावतो, मालकाला सामानासकट बसवतो आणि मग बाजूने कोन बघतो. हाडांची जागा सपाट किंवा अगदी किंचित मागे उतरती हवी. पुढे उतार असेल तर माणूस टाकीवर जातो, जांघेत दाब येतो आणि हात त्याला मागे रेटत राहतात. संध्याकाळी खांदे दुखतात आणि दोष हँडलला दिला जातो. मागे उतार जास्त झाला की पुन्हा माकडहाड.

माकडहाडासाठी मी सपाट पट्ट्याच्या मागच्या टोकाला, मधोमध, तीन बोटं रुंद आणि एक बोट खोल अशी खाच फोममध्ये ठेवतो. वरून ती दिसतही नाही, पण बसल्यावर हाड हवेत राहतं. सोलो सीटला मागे जो उंचवटा असतो तो पाठीला आधार देतो हे खरं, पण तो पँटच्या कमरपट्ट्याच्या उंचीवर टेकायला हवा. त्याच्या खाली टेकला तर तो माकडहाडालाच ढकलतो. शिवाय उंचवटा फार पुढे आणला की माणूस एकाच जागी जखडला जातो. लांबच्या प्रवासात दर अर्ध्या तासाला दोन-तीन सेंटिमीटर मागे-पुढे सरकता येणं हाच मोठा आराम आहे. तेवढी जागा राखून ठेवायला सांगा. तयार सोलो सीट घेताना मी सगळ्यात आधी हेच बघतो, आणि बहुतेक तयार सीट इथेच कमी पडतात, कारण त्या फोटोत छान दिसाव्यात म्हणून खोल खुर्चीसारख्या घडवलेल्या असतात.

स्प्रिंगच्या सीटबद्दल. २०२१ आधीच्या क्लासिकला पुढच्या सीटखाली स्प्रिंगा यायच्या आणि त्या बैठकीवर प्रेम करणारे खूप आहेत. माझ्या मते गावात आणि मध्यम खड्ड्यांच्या रस्त्यावर ती छान. पण तिला पुढे बिजागर आणि मागे स्प्रिंगा असतात, म्हणजे वजन पडलं की मागची बाजू खाली जाते आणि कोन बदलतो. स्प्रिंग तुमच्या वजनाला नरम पडली तर सीट मागे कलते, माकडहाड दुखणाऱ्या माणसाला हे नको. शिवाय स्प्रिंगला उसळी आवरणारं काही नसतं. महामार्गावर सांध्यांमागून सांधे आले की माणूस डुलत राहतो. तुमच्या गाडीला वेगळे ब्रॅकेट लावून ती बसवावी लागेल, तेही लक्षात घ्या.

जेल वाईट नाही, ते चुकीच्या जागी आणि चुकीच्या अपेक्षेने वापरलं जातं. जेल दाब पसरवतं, धक्का शोषत नाही. त्याला खाली चांगला फोम लागतोच. आणि ते उष्णता साठवतं. उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या जेल सीटवर बसलात तर पुढचे बरेच किलोमीटर ते चटके देत राहतं. घालायचंच असेल तर हाडांच्या जागी, फोममध्ये खाच करून, कडा समपातळीत बसवून, आणि त्यावर पातळ फोमचा थर देऊन घाला. मेमरी फोम मी लांबच्या प्रवासाच्या सीटला वापरत नाही. उबेने तो आणखी मऊ होतो आणि हाडं तळाला नेतो. हिमालयातल्या थंडीत उलट दगडासारखा होतो.

सीटला हात न लावता काही करायचं असेल तर हवेची गादी हा प्रामाणिक उपाय आहे. लोक ती गच्च फुगवतात आणि मग डगमगते म्हणून काढून ठेवतात. आधी पूर्ण फुगवा, गाडीवर बसा, आणि बसल्या-बसल्या हवा सोडत जा. हाडं खालच्या सीटला टेकायला बोटभर अंतर उरलं की थांबा. याहून स्वस्त म्हणजे जाळीचं थ्रीडी कव्हर किंवा टॅक्सीवाले वापरतात तशी लाकडी मण्यांची बैठक. दोन्हींमुळे खालून हवा खेळते. घामाने भिजलेली कातडी लवकर सोलवटते, त्यामुळे दक्षिणेच्या दमट हवेत हवा खेळण्याला मी फोमइतकंच महत्त्व देतो. चांगल्या सीटवरही जाळी टाकाच.

कपड्यांचं तसंच. जीन्सची जाड शिलाई नेमकी जांघेत आणि बुडाखाली येते. आतला सुती कपडा घाम धरून ठेवतो. खेळाडू वापरतात तसा, शिलाई बाजूला असलेला, घट्ट कपडा घाला.

सोलो सीटचा खरा फायदा म्हणजे मागची सीट काढल्यावर सामान पुढे, तुमच्या पाठीला जवळ घेता येतं. जड वस्तू कॅरिअरच्या टोकाला बांधू नका. वजन मागच्या चाकाच्या मागे गेलं की हँडल हलकं पडतं. बॅग मऊ असेल तर ती पाठीला टेकायलाही चालते, फक्त तिने तुम्हाला पुढे ढकलता कामा नये. वाटेत कुणाला डबलसीट घ्यावं लागेल असं वाटत असेल तर मागची सीट काढूच नका. कॅरिअरवर माणूस बसवायचा नाही.

पुणे ते कन्याकुमारी, बेंगळुरू-सेलम-मदुराईवरून, साधारण दीड हजार किलोमीटर होतं. उत्तम सीटवरसुद्धा तासा-सव्वा तासाने उतरा, पाच मिनिटं चाला, मांडीच्या मागचे स्नायू ताणा. चालत्या गाडीवर मोकळ्या रस्त्यात अधूनमधून फूटरेस्टवर उभं राहून बुडाखाली हवा लागू द्या. खड्डा दिसला की तर उभं राहायचंच. पाणी पीत राहा, त्यामुळे थांबणंही आपोआप होतं. आणि एक गोष्ट सीटच्या पलीकडची: उतरल्यानंतरही जांघेतला बधिरपणा जात नसेल, पायात अशक्तपणा वाटत असेल किंवा माकडहाड घरी साध्या खुर्चीवरही दुखत असेल, तर माझ्याकडे नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. जुनं पडणं, नसेवरचा दाब असली कारणं फोमने बरी होत नाहीत.

सीट नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच करून घ्या. नवा फोम पहिल्या तीन-चारशे किलोमीटरमध्ये थोडा बसतो आणि शरीरालाही नव्या आकाराची सवय व्हावी लागते. पुण्यात नाना पेठेत सीटची कामं करणारे भेटतील. आधी फोम घडवून, कव्हर न चढवता, वर नुसतं कापड टाकून वीस मिनिटं बसून बघा. दोन मिनिटांत काही कळत नाही. मग कव्हर चढवा आणि कोल्हापूरला जाऊन एका दिवसात परत या, साडेचारशेच्या वर किलोमीटर होतात. कुठे, किती वेळाने, उजवीकडे की डावीकडे दुखलं ते लिहून ठेवा आणि ती नोंद घेऊन कारागिराकडे परत जा. पहिल्या प्रवासानंतर एकदा कव्हर उघडून फोम कमी-जास्त करून देणार का, हे पैसे ठरवतानाच विचारून घ्या. जो नाही म्हणेल त्याच्याकडे सीट टाकू नका.